‘ओसाड’ कोण : माळरान की आपली दप्तरे?

मृगाचे दोन-चार शिडकावे झाले, की महाराष्ट्रात वृक्षारोपणाचा हंगाम सुरू होतो. शाळा, मंडळे, बँका, साखर कारखाने, सामाजिक संस्था आणि शासनाची निरनिराळी खाती खड्डे खणण्याच्या कामाला लागतात. यांपैकी कोणाच्याही हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. झाड लावणे हे पुण्यकर्म मानणारा आपला समाज आहे आणि तो तसाच राहावा. प्रश्न हेतूचा नाही, जागेचा आहे. हे खड्डे नेमके कोठे खणले जातात? शहरातील मोक्याच्या भूखंडावर कोणी खणू देत नाही, बागायती शेतात तर नाहीच नाही. मग गावाबाहेरचा माळ शोधला जातो. तेथे उभे राहून एखादा अधिकारी वा पाहुणा हात फिरवून सांगतो, ‘येथे काहीच नाही. आपण येथे जंगल उभे करू.’

‘येथे काहीच नाही’ हे वाक्य ज्या सहजतेने उच्चारले जाते, त्या सहजतेचा समाचार घेणे आवश्यक झाले आहे. कारण ते उच्चारणाऱ्याला मनापासून वाटत असते की, आपल्या पाठीशी विज्ञान उभे आहे. वस्तुस्थिती अशी आहे की, ज्या सिद्धान्ताच्या आधारे माळाला ओसाड ठरवले गेले, तो सिद्धान्त विज्ञानाने कधीच मागे टाकला आहे. विज्ञान बदलले, पण त्याच्या नावाने लिहिलेली आपली दप्तरे बदलली नाहीत. आणि या न बदललेल्या दप्तरांची किंमत माळावरचे गवत, त्यावर जगणारे पशुपक्षी आणि पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे राखणारा धनगर समाज मोजत आहे.

एका सिद्धान्ताचा जन्म

‘इकॉलॉजी’ अर्थात परिस्थितिकी हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये घडवला. शास्त्र म्हणून ते फारसे जुने नाही. त्याला पहिली भक्कम बैठक दिली ती अमेरिकेतील फ्रेडरिक क्लेमेंट्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने. क्लेमेंट्स हे नेब्रास्का या गवताळ प्रांताचे. १९१६ मध्ये वनस्पतींच्या अनुक्रमणावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढील काही दशके या शास्त्रावर त्याची छाया राहिली.

क्लेमेंट्स यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : उघड्या खडकावर आधी दगडफूल येते, मग शेवाळ, मग गवत, मग झुडपे, आणि शेवटी त्या प्रदेशाच्या हवामानाला साजेसा एक स्थिर वनस्पतिसमूह तयार होतो. या शेवटच्या पायरीला त्यांनी ‘चरमावस्था’ मानले. वनस्पतिसमूह हा जणू एकच सजीव देह असून तो जन्मतो, वाढतो आणि प्रौढ होतो, अशी त्यांची धारणा होती. एका हवामानाला एकच चरमावस्था. तेथपर्यंत न पोहोचलेले जे काही असेल ते एकतर अपुरे, नाहीतर कोणीतरी बिघडवलेले.

ही मांडणी विलक्षण आकर्षक होती. निसर्गाला एक दिशा आहे, एक गंतव्यस्थान आहे, आणि माणसाने हात लावला नाही तर तो आपोआप तेथे पोहोचतो, हा विचार कोणाच्याही मनाला भुरळ घालील असाच आहे. ‘निसर्गाचा समतोल’ हा आज प्रत्येक शालेय निबंधात आणि प्रत्येक अग्रलेखात भेटणारा शब्दप्रयोग क्लेमेंट्स यांच्या कितीतरी आधीचा. पण त्याला शास्त्राचे वस्त्र चढले ते अशा मांडणीमुळे.

घरातूनच झालेला विरोध

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या सिद्धान्ताला आव्हान मिळाले ते शास्त्राच्या घरातूनच. हेन्री ग्लीसन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये एक निबंध लिहून स्पष्ट सांगितले की, वनस्पतिसमूह हा एक देह नाही. प्रत्येक जाती आपापल्या गरजेनुसार आणि योगायोगाने तेथे येऊन राहते. पंढरीच्या वाटेवर एका मुक्कामी गोळा झालेले वारकरी एका गावचे असतातच असे नाही, तसाच हा प्रकार. ग्लीसन यांच्याकडे त्या वेळी कोणी फारसे लक्ष दिले नाही. तीसएक वर्षांनी रॉबर्ट व्हिटेकर यांनी ग्रेट स्मोकी पर्वतरांगांतील वनस्पतींची उंचीनुसार मोजणी केली, विस्कॉन्सिनमध्ये जॉन कर्टिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील वने तपासली, आणि पुरावा ग्लीसन यांच्या बाजूने पडला.

इंग्लंडमधील चार्ल्स एल्टन यांनी तर १९३० मध्येच निसर्गाचा समतोल नावाची गोष्ट अस्तित्वात नाही आणि कदाचित कधी नव्हतीच, अशा आशयाचे विधान केले होते. १९३५ मध्ये आर्थर टॅन्सले यांनी क्लेमेंट्स आणि त्यांचे दक्षिण आफ्रिकेतील अनुयायी जॉन फिलिप्स यांच्या मांडणीवर कठोर टीका केली. वनस्पतिसमूहाला देह म्हणण्याऐवजी सजीव आणि त्यांच्या भोवतालची निर्जीव सृष्टी यांचा मिळून होणारा व्यवहार अभ्यासावा, असे सांगताना त्यांनी जो शब्द छापून आणला तो म्हणजे ‘इकोसिस्टिम’, आपल्या भाषेत परिसंस्था. आज सरकारी परिपत्रकापासून साबणाच्या जाहिरातीपर्यंत सर्वत्र वापरला जाणारा हा शब्द मुळात एका वादातून, चरमावस्थेच्या कल्पनेला उत्तर म्हणून जन्मला, हे किती जणांना ठाऊक असते?

त्याच दशकात अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ प्रदेशावर भीषण अवर्षण कोसळले, धुळीची वादळे उठली, आणि जे स्थिर व परिपूर्ण समजले जात होते तेही टिकत नाही हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. १९७२ मध्ये रॉबर्ट मे यांनी गणिताने दाखवले की, एखाद्या व्यवस्थेत जितक्या अधिक जाती आणि जितके अधिक परस्परसंबंध, तितकी ती स्थिर, असे मानण्यास आधार नाही. १९८५ मध्ये पिकेट आणि व्हाइट यांच्या संपादित ग्रंथाने वणवा, वादळ, पूर, चराई यांना निसर्गक्रमाचा भाग म्हणून स्थान दिले. २००५ मध्ये विल्यम बाँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आग नसती तर पृथ्वीचा हिरवा नकाशा कसा दिसला असता, याचे गणित मांडले. निष्कर्ष असा की, जगातील विस्तीर्ण गवताळ प्रदेश केवळ पावसाच्या कमतरतेमुळे गवताळ राहिलेले नाहीत. आग आणि चरणारे प्राणी यांनीही ते तसे राखले आहेत.

आणि हे प्रदेश काल-परवाचेही नाहीत. शिवालिक टेकड्यांतील प्राचीन मातीच्या थरांचा रासायनिक अभ्यास सांगतो की, सत्तर ते ऐंशी लाख वर्षांपूर्वी त्या भागात उष्ण प्रदेशातील गवतांचा मोठा विस्तार झाला. शेतकऱ्याची कुऱ्हाड तर सोडाच, माणूस नावाचा प्राणीही तेव्हा भारतात नव्हता. गवत हे जंगल तुटल्यावर उरलेले शेष आहे, ही समजूत या एका पुराव्यासमोर डळमळीत होते.

दप्तरात गोठलेले विज्ञान

आता आपल्याकडे वळू. ब्रिटिशांच्या महसूल खात्याला जमिनीविषयी एकच जिज्ञासा होती : ती सारा देते की नाही? जी देत नाही ती ‘वेस्ट लँड’. त्यावर गवत आहे, गुरे चरतात, गावाचे गायरान आहे, औषधी वनस्पती आहेत, या गोष्टींना त्या खात्यात रकाना नव्हता. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हे पहिले वन महानिरीक्षक झाले, १८६५ आणि १८७८ मध्ये वन कायदे आले, आणि दुसरी जिज्ञासा जन्मली : जमीन लाकूड देते की नाही? गवत येथेही नापासच झाले.

या दोन्ही जिज्ञासांना शास्त्राची मोहर मिळाली ती हॅरी चॅम्पियन यांच्या १९३६ मधील भारत व ब्रह्मदेशातील वनप्रकारांच्या सर्वेक्षणातून. चॅम्पियन हे कष्टाळू आणि जाणकार वनाधिकारी होते, त्यांचे काम आजही संदर्भासाठी उघडावे लागते. परंतु त्यांच्या वर्गीकरणाचा कणा चरमावस्थेचाच होता. हवामानानुसार अमुक ठिकाणी अमुक प्रकारचे वन असायला हवे. तेथे जर गवत वा काटेरी झुडूप दिसले, तर ते अवनत झालेले वन. १९६८ मध्ये चॅम्पियन आणि सेठ यांनी या वर्गीकरणाची सुधारित आवृत्ती काढली. चौकट तीच राहिली. १९७३ मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारतातील तृणाच्छादनाचे मोठे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्यातही गवताकडे बहुतांशी वनाच्या वाटेवरची एक मधली पायरी म्हणूनच पाहिले गेले.

स्वातंत्र्य मिळाले, साहेब गेला, त्याचे रकाने मात्र राहिले. १९५२ च्या आणि पुन्हा १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाची एक-तृतीयांश भूमी वृक्षाच्छादित असावी असे उद्दिष्ट ठेवले. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक भूमी विकास मंडळ स्थापन झाले. २००० पासून देशाचा ‘वेस्टलँड’ नकाशासंग्रह निघू लागला. २०१९ च्या आवृत्तीत सुमारे ५ कोटी ५८ लक्ष हेक्टर, म्हणजे देशाचा जवळपास १७ टक्के भूभाग, या एका नावाखाली घातलेला आहे. त्यात खरोखर नापीक जमीन आहे, तशीच काटेरी झुडपांची, गवताची, वाळवंटाची जिवंत भूमीही आहे. भारतीय वन सर्वेक्षण विभाग वृक्षांच्या छत्राची टक्केवारी मोजतो. दहा टक्क्यांच्या खाली गेले की वनभूमीवरचा तो भाग ‘झुडपी’ ठरतो. गवताचे मोल मोजण्याची पट्टीच तेथे नाही.

विदर्भातील वाचकांना ‘झुडपी जंगल’ हा शब्द सांगायला नको. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली नोंदीतील हा शब्द. त्यावरून दशकानुदशके खल चालला आणि अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वन म्हणूनच धराव्यात असा निर्णय दिला. त्या निर्णयाची चर्चा हा या लेखाचा विषय नव्हे. पण एखाद्या कारकुनाने कधीकाळी केलेली नोंद शंभर वर्षांनंतरही लक्षावधी माणसांचे आणि जमिनीचे भवितव्य ठरवते, एवढे त्यावरून समजावे.

किंमत कोणी मोजली?

कोणी म्हणेल, शब्दांच्या या काथ्याकुटाने काय बिघडले? बिघडले ते राजस्थानात भरतपूरला. केवलादेवचे पाणथळ क्षेत्र १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. माणूस आणि त्याची गुरे बाहेर काढली की निसर्ग आपल्या परिपूर्ण अवस्थेला जाईल, या धारणेतून तेथे म्हशींच्या चराईवर बंदी आली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे गुरे चारणारे ग्रामस्थ संतप्त झाले. गोळीबार झाला आणि माणसे मेली. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून काय आढळले? म्हशी गेल्यावर पाण्यातील गवत बेसुमार माजले, उथळ पाणवठे गुदमरले आणि ज्या पक्ष्यांसाठी हा खटाटोप केला त्यांनाच ते गैरसोयीचे झाले. म्हैस त्या तळ्याची शत्रू नव्हती, राखणदार होती. शास्त्रज्ञांनी ते मान्य केले, ही त्यांची प्रामाणिकता. मेलेली माणसे मात्र परत आली नाहीत.

दुसरे उदाहरण कच्छमधील बन्नीचे. मालधारी पशुपालकांच्या या विस्तीर्ण गवताळ प्रदेशात १९६० च्या दशकाच्या आरंभी, रणाचे आक्रमण थोपवण्यासाठी म्हणून विलायती बाभळीची लागवड करण्यात आली. वेडी बाभूळ म्हणून आपण जिला ओळखतो तीच ही. तिने गवताचा गळा आवळला, आणि आज तीच बाभूळ उपटून गवत परत आणण्यासाठी तेथे धडपड चालली आहे. लावण्यासाठीही सरकारी पैसा, उपटण्यासाठीही सरकारी पैसा!

आणि आपला दख्खनचा माळ? सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, पुण्याच्या पूर्वेपासून सोलापूर, अहिल्यानगर, साताऱ्याच्या माण-खटावपर्यंत पसरलेला हा प्रदेश. बेसाल्टच्या खडकावर वीतभर माती आणि जेमतेम पाऊस. या मातीत मारवेल, पवना, कुसळी यांसारखी गवते मुळांचे असे जाळे विणतात की, त्यामुळे माती धरून ठेवली जाते आणि पाणी मुरते. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकारा, रेहेकुरीचे काळवीट, माळावरचा लांडगा, खोकड, तणमोर हे सारे या मोकळ्या भूमीचे रहिवासी. नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले; आज देशभरात निसर्गात उरलेल्या माळढोकांची संख्या जेमतेम दीडशेच्या घरात आहे आणि महाराष्ट्रात तो दिसणे ही बातमी ठरते. उंच झाडी या पक्ष्याला नको असते, कारण शत्रू दुरून दिसणे हेच त्याचे संरक्षण. त्याच्या माळावर गिरिपुष्पाच्या आणि सुबाभळीच्या रांगा उभ्या करणे म्हणजे त्याच्याच घरातून त्याला हुसकावणे होय.

धनगरांचे तर विचारूच नका. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरणारा आणि पावसाळ्याच्या तोंडावर माळावर परतणारा हा समाज. शेतात मेंढ्या बसवून तो शेतकऱ्याला खत देतो, लोकर देतो, मांस देतो. त्याचा पायाखालचा माळ ‘रोपवन’ म्हणून बंद झाला की त्याने जायचे कोठे? २०१९ च्या पावसाळ्यासाठी राज्याने ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले होते. केंद्राच्या हरित पत योजनेसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये काढलेल्या कार्यपद्धतीत अवनत भूमीवर हेक्टरी किमान ११०० झाडांची अट होती. शासन कोणत्याही पक्षाचे असो, झाडांचा आकडा जाहीर करताना ‘या जागी पूर्वी काय होते?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही.

मराठी वाङ्मयाची साक्ष

पूर्वी काय होते, याचे उत्तर आपल्याच घरात सापडले आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन मराठी संशोधकांचा एक निबंध २०२५ मध्ये ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटीच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पश्चिम महाराष्ट्राच्या भूमीचा इतिहास तपासण्यासाठी त्यांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी संतवाङ्मय, चरित्रे, आख्याने आणि लोककथा चाळल्या आणि त्यात उल्लेखिलेल्या रानवनस्पतींची नोंद केली. निम्म्याहून अधिक वनस्पती उघड्या माळावर वाढणाऱ्या निघाल्या. तरवडासारखी झुडपे आणि बाभळीसारखी काटेरी झाडे संतकाळातही याच भूमीवर होती. जो माळ आपण इंग्रजांनी तोडलेल्या जंगलाचे अवशेष समजत होतो, तो किमान साडेसातशे वर्षे माळच आहे.

या निबंधाचा खरा धडा आपल्या साहित्याच्या अभ्यासकांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून गिरवण्यासारखा आहे. मराठी ग्रंथ शास्त्राच्या दरबारात साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. मात्र साक्षीदार आणि न्यायाधीश यांतला भेद विसरता कामा नये. संतांनी परिस्थितिकीचे सिद्धान्त सांगून ठेवले होते, असा दावा या संशोधकांनी केलेला नाही आणि आपणही करू नये. संतांनी आपल्या भोवतालचे झाडझुडूप प्रामाणिकपणे पाहिले आणि नोंदले. ती नोंद आज प्रमाण ठरली, यातच त्यांचा मोठेपणा आहे. त्याला अतिशयोक्तीची ठिगळे लावण्याची गरज नाही.

दोन आक्षेप, दोन उत्तरे

यावर पहिला आक्षेप येतो तो असा : शास्त्रज्ञ काल एक सांगत होते, आज दुसरे सांगतात, उद्या तिसरे सांगतील, मग त्यांचे ऐकायचेच कशाला? हा आक्षेप ऐकायला चटकदार, पण घातक आहे. क्लेमेंट्स चुकले हे ग्लीसन, टॅन्सले, व्हिटेकर यांनी मोजमापे करून दाखवले; कोणाच्या फतव्याने ते ठरले नाही. जे शास्त्र पुराव्यासमोर आपले मत सोडते तेच विश्वासार्ह. अविश्वास दाखवायचा असेल तर तो, पुरावा बदलला तरी रकाना न बदलणाऱ्या दप्तरावर दाखवावा. आणि ‘समतोल वगैरे काही नसतेच’ असे म्हणत माळ कारखानदाराच्या वा भूखंडवाल्याच्या घशात घालू पाहणाऱ्यांनीही नीट ऐकावे : निसर्ग बदलता आहे याचा अर्थ त्याला कसाही ओरबाडावे असा होत नाही. मुळासकट नांगरलेले जुने गवत एका पिढीत परत येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सगळेच गवत प्राचीन असते काय? नसते. सह्याद्रीच्या कित्येक उतारांवर खरोखर जंगल होते, ते कोळशासाठी आणि लाकडासाठी तुटले, आणि तेथे झाडे परत यायलाच हवीत. म्हणूनच ‘सर्वत्र झाडे’ ही घोषणा जितकी चूक, तितकीच ‘कोठेच झाडे नकोत’ ही घोषणाही चूक. प्रत्येक जागेचा इतिहास वेगळा आहे आणि तो तपासूनच निर्णय घ्यावा लागेल. एका हवामानाला एकच चरमावस्था, हा क्लेमेंट्स यांचा आग्रह मोडला तो याच कारणाने.

करायचे काय?

पहिली मागणी शासनाकडे : माळरान आणि गवताळ प्रदेश यांना ‘ओसाड’ आणि ‘अवनत’ या वर्गातून बाहेर काढून स्वतंत्र परिसंस्था म्हणून नोंद द्या. दुसरी : कोणत्याही माळावर लागवड करण्यापूर्वी तेथील गवत, पशुपक्षी आणि चराईचे हक्क यांची पाहणी बंधनकारक करा. २००६ च्या वनाधिकार कायद्याने चराईचे हक्क मान्य केलेले आहेत. ते कागदावर राहू देऊ नका. तिसरी मागणी विद्यापीठांकडे : निसर्गाच्या समतोलाचा धडा पाठ्यपुस्तकात छापताना त्याच्या खंडनाचाही धडा छापा. विद्यार्थ्याला केवळ निष्कर्ष नको, तो निष्कर्ष कसा उभा राहिला आणि कसा पडला तेही कळू द्या.

आणि शेवटची मागणी आपल्या कार्यकर्त्यांकडे. पुढच्या पावसाळ्यात झाडे जरूर लावा. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, ओढ्याच्या काठी, शेताच्या बांधावर, तुटलेल्या जंगलाच्या जागी लावा. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, आपल्या मातीतलीच लावा. मात्र कुदळ उचलण्यापूर्वी त्या माळावर मेंढरे चारणाऱ्या म्हाताऱ्या धनगराला एकदा विचारा, ‘बाबा, या जागी काय होते?’ त्याने ‘गवत होते’ असे सांगितले, तर कुदळ खांद्यावर टाकून पुढच्या जागेकडे चालू लागा.